थोड्या रेषांतला माणूस

गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शीजवळ, वैनगंगेच्या काठी मार्कंड्याची देवळे आहेत. त्यांच्या भिंती देवदेवतांच्या आणि सुरसुंदरींच्या मूर्तींनी अशा गजबजलेल्या आहेत की, कोरा दगड शोधावा लागावा. त्याच जिल्ह्यात भामरागडच्या रानात गेल्यास माडिया लोकांनी आपल्या मृतांच्या स्मरणार्थ उभे केलेले दगड दृष्टीस पडतात. त्यांना बहुधा छिन्नीचा स्पर्शही झालेला नसतो. तरी हा दगड म्हणजे आपला एक माणूस, हे गावकऱ्यांस सांगावे लागत नाही. चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेस जे भाविक लोटतात, त्यांतील कितीकांच्या गावची देवी म्हणजे शेंदूर फासून डोळे बसविलेला एक तांदळाच असतो.

तेव्हा आकृतीतून किती काढून टाकले तरी माणूस शिल्लक राहतो, हा प्रश्न आपणांस परका नाही. आधुनिक काळात मुंबईच्या एका चित्रकाराने त्यासाठी सारे आयुष्य वेचले. त्यांचे नाव तय्यब मेहता (१९२५–२००९).

या प्रश्नाकडे ते निव्वळ रचनेच्या हौसेने वळले नाहीत. १९४७ सालच्या दंगलीत, महंमदअली रस्त्यावरील आपल्या खिडकीतून, जमावाने एका तरुणास ठेचून मारलेले त्यांनी पाहिले. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते. 'तू कोण?' या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाचे जगणे-मरणे ठरावे, असे ते दिवस होते. पुढे त्यांच्या चित्रांत जी माणसे आली, त्यांना बहुधा पोशाख नाही, गाव नाही, धर्माची खूण नाही. उरले ते फक्त कोसळणारे शरीर. ते कोणाचे, हे कळू नये, अशीच ती योजना आहे, असे मला वाटते. कारण ते कळताच आपण त्याला 'आपला' किंवा 'परका' ठरवून मोकळे होतो.

जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर आरंभी ते दाट रंगाचे थर देत असत. १९६८ साली रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. तेथे बार्नेट न्यूमन या चित्रकाराचे सपाट रंगाचे विस्तीर्ण पट आणि त्यांना छेदणारी एखादीच उभी पट्टी त्यांनी पाहिली. न्यूमनच्या चित्रात माणूस नव्हता; मेहतांना माणूस सोडावयाचा नव्हता. १९६९ साली त्यांनी पटावर एक तिरकी रेघ ओढली. तिने चित्राची फाळणी झाली, आकृती दुभंगली. हात एकीकडे, धड दुसरीकडे. छायाप्रकाश गेला, खोली गेली. सपाट रंग आणि रेखीव कड एवढेच राहिले. आतल्या दुभंगाचे वर्णन न करता त्यांनी तो दुभंगच आपल्यापुढे ठेवला.

उत्तरायुष्यात ते महिषासुराच्या कथेकडे वळले. आपल्या नेहमीच्या मूर्तींत देवी वर आणि असुर पायांखाली असतो. विजय कोणाचा, याविषयी संशय नसतो. मेहतांच्या पटावर दोघांची शरीरे अशी गुंतलेली आहेत की, अमका हात देवीचा की असुराचा, हे चटकन सांगता येऊ नये. लढाई बाहेरची न राहता एकाच देहातली होते.

'असे तर लहान मूलही काढील,' असा आक्षेप अशा चित्रांवर नेहमी येतो. पण मेहता फार सावकाश काम करीत, आणि मनास न आलेले कितीतरी पट त्यांनी स्वतःच नष्ट केले. अलंकारांनी भरलेल्या भिंतीत एखादी चूक लपून जाते; पाच रेषांच्या चित्रात लपावयास जागाच नसते.

म्हणून अशा चित्रापुढे उभे राहिल्यावर यात काय आहे, असे विचारण्याआधी काय गाळले आहे ते पाहावे. चेहरा गाळला असेल, तर तेथे कोणाचा चेहरा बसविण्यास आपले मन धावते, हे न्याहाळावे. माडियांचा दगड अनोळखी वाटसरूस मुका असतो, कारण त्यामागील माणूस त्यास ठाऊक नसतो. मेहतांचा माणूस मात्र कोणाच्याच ओळखीचा नाही. त्यामुळे त्याला परका म्हणण्याची सोय कोणालाच उरत नाही.