वाचन-आकलन साहित्य, कृत्रिम बुद्धिमत्तानिर्मित

नवी भाषा शिकणाऱ्यांसाठी संगणकीय भाषा-प्रतिमानाकडून तयार करवून घेतलेले उतारे, त्यांवरील प्रश्न व शब्दार्थ यांचा या साहित्यात समावेश होतो. भाषा-प्रतिमान म्हणजे विपुल लेखी मजकुराच्या आधारे शब्दांचा परस्परसंबंध व अनुक्रम आत्मसात केलेली गणनप्रणाली होय. आजची बहुतेक प्रतिमाने २०१७ मध्ये मांडल्या गेलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर’ या रचनेवर आधारलेली आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाल्यानंतर सामान्य शिक्षकालाही हे साधन सहज हाताळता येऊ लागले.

शिक्षक विषय, इयत्ता व उताऱ्याची लांबी सांगतो. त्यानुसार एकच उतारा दोन-तीन काठिण्यपातळ्यांवर मिळू शकतो. प्रश्न सामान्यतः तीन प्रकारचे असतात : थेट माहितीचे, अनुमानाचे व संदर्भावरून शब्दार्थ ओळखण्याचे. विल्सन टेलर यांनी १९५३ मध्ये मांडलेल्या क्लोझ पद्धतीनुसार उताऱ्यातील शब्द गाळून रिक्त जागाही तयार करता येतात.

या साहित्याची उपयुक्तता व मर्यादा यवतमाळ जिल्ह्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. येथील कोलाम पोडांवरील अनेक मुलांची घरची भाषा कोलामी असून शाळेत मात्र मराठी वाचावी लागते. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा होय. तीत पुरुषवाचक नामे एका गटात, तर स्त्रिया, प्राणी व वस्तू यांची नामे दुसऱ्या गटात मोडतात. मराठीत मात्र बैल ‘तो’, गाय ‘ती’ व वासरू ‘ते’ ठरते. ‘बैल व गाय ओढ्यावर आली. ती पाणी प्यायली, तो उभा राहिला.’ या उताऱ्यावर ‘पाणी कोण प्यायले?’ हा प्रश्न यंत्राला सोपा वाटतो. कोलामी मुलाच्या दृष्टीने तो लिंगव्यवस्थेचा प्रश्न ठरतो. उत्तर चुकल्यास मुलाला गोष्ट समजली नाही, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होते.

याउलट दोषही संभवतो. कापूस पिकविणाऱ्या या जिल्ह्यात ‘कापूस कशातून वेचतात?’ या प्रश्नाचे उत्तर मूल उतारा न वाचताच देते. तेव्हा अशा प्रश्नाने आकलन मोजले जात नाही. शब्दनिवडीतही अंतर पडते, उदा., प्रमाण मराठीतील ‘कपाशी’ हा शब्द अडतो, परंतु वऱ्हाडी बोलीतील ‘पऱ्हाटी’ परिचित असते.

मुलाच्या घरच्या भाषेतील साहित्याची अडचण अधिक मोठी आहे. २०११ च्या जनगणनेनुसार कोलामी भाषकांची संख्या सु. १·२८ लाख होती व या भाषेतील लेखी मजकूर अल्प आहे. वाचन-आकलनाच्या मापनासाठी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बेलेबेले’ या १२२ भाषारूपांच्या प्रश्नसंचात मराठी आहे. कोलामी व गोंडी नाहीत. केंद्र शासनाच्या जनजाती कार्य मंत्रालयाने २०२५ मध्ये सुरू केलेल्या ‘आदि वाणी’ या अनुवादप्रणालीच्या प्राथमिक आवृत्तीत गोंडीचा अंतर्भाव झाला. कोलामी मजकूर मात्र त्या भाषेच्या जाणकाराकडून तपासून घेणे अपरिहार्य ठरते.

म्हणून यंत्रनिर्मित साहित्य हा कच्चा मसुदा मानला जातो. उतारा न दाखवता ज्याचे उत्तर येते तो प्रश्न वगळणे, उत्तराचा आधार उताऱ्यातील विशिष्ट वाक्यात दाखविता येतो की नाही हे पाहणे आणि चूक आकलनाची की व्याकरणाची हे मुलाशी तोंडी बोलून ठरविणे, ही कामे शिक्षकाकडेच राहतात.