मागचे टायर : रुंदी नंतर, रबर आधी

इंजिनाची ताकद वाढवली की मागचे चाक जागीच फिरते, आणि बहुतेकांचा पहिला उपाय असतो जास्त रुंद टायर. हा उपाय अर्धवट आहे. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः गाडीचे वजन आणि हवेचा दाब ठरवतात. रुंदीने त्या ठशाचा आकार बदलतो, क्षेत्रफळ फारसे नाही. खरी पकड रबराच्या मिश्रणातून येते. त्याचा अंदाज अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवरच्या ‘ट्रेडवेअर’ आकड्यावरून येतो. प्रमाण टायर 100 धरला, तर 200 म्हणजे चाचणीत दुप्पट टिकणारा. मऊ, जास्त पकडणारे रबर लवकर झिजते, म्हणून त्याचा आकडा सहसा कमी असतो. अर्थात हा आकडा कंपनी स्वतःच देते, तेव्हा दोन कंपन्यांची तुलना जपूनच करावी.

मग सर्वांत मऊ रबरच का घेऊ नये? डॉजने 2018 च्या 840 अश्वशक्तीच्या डेमन गाडीला निट्टो कंपनीचे 315 मिलिमीटर रुंद ड्रॅग रेडियल, म्हणजे मऊ रबराचे शर्यतीचे टायर, दिलेच होते की! दिले, पण ती गाडी ड्रॅग स्ट्रिपसाठी, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीसाठी बेतलेली. तिथे ‘बर्नआउट’ करून, म्हणजे चाक जागीच फिरवून, टायर पकडीसाठी तापवता येतो. सिग्नलवर ते जमत नाही. शिवाय अशा टायरच्या उथळ खाचांमुळे पावसात पाणी बाहेर फेकले जात नाही आणि गाडी तरंगते. म्हणून रोजच्या रस्त्यासाठी मिशेलिन पायलट स्पोर्ट 4एससारखा, 300 ट्रेडवेअरचा टायर मला जास्त शहाणपणाचा वाटतो. झिजतो लवकर, हे मान्य. पण थांबण्याचे अंतरही तोच ठरवतो. घेताना टायरच्या बाजूवरच्या डॉट (DOT) क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा : 3521 म्हणजे 2021 चा पस्तिसावा आठवडा. जुने, कडक झालेले रबर सवलतीतही घेऊ नका.