प्लेगची तीन वलयं

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचं निदान केलं. पुढचं मराठी वाचकाला नव्यानं सांगायला नको. ओस पडलेल्या चाळी, पुण्यात घराघरांत शिरून झालेल्या तपासण्या, रँडचा खून, आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी झालेला सावित्रीबाई फुल्यांचा मृत्यू. त्या दिवसांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. ज्या जंतूनं हे सगळं घडवलं, त्याच्याबद्दल फारच थोडं.

हा जंतू अलेक्झांडर यर्सिन यांना १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. आज त्याचं नाव यर्सिनिया पेस्टिस. २००१ मध्ये त्याच्या एका वाणाचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सेहेचाळीस लाखांहून अधिक अक्षरांचं एक मोठं गुणसूत्र होतं आणि शिवाय डीएनएची तीन छोटी वलयं होती. त्यांत अनुक्रमे सुमारे ९६ हजार, ७० हजार आणि साडेनऊ हजार अक्षरं. या वलयांना प्लाझ्मिड म्हणतात. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ मध्ये दिलेलं हे नाव. प्लाझ्मिड मुख्य गुणसूत्रापासून वेगळं राहतं, आपल्या प्रती आपणच काढतं, आणि अनेकदा एका जीवाणूतून दुसऱ्यात जातंही. औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या बातम्यांत त्याचं नाव हल्ली वारंवार येतं. प्लेगच्या बाबतीत मात्र ही तिन्ही वलयं म्हणजे त्या रोगाचा गाभाच आहे.

हे पटायला त्याच्या जवळच्या नातेवाइकाकडे पाहावं. यर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलॉसिस हा दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारा जंतू आहे. ताप येतो, पोट दुखतं, बहुतेक माणसं बरी होतात. प्लेगचा जंतू उत्क्रांतीच्या हिशेबानं अगदी अलीकडे याच्यापासून वेगळा झाला. दोघांची मुख्य गुणसूत्रं कमालीची सारखी आहेत. मधलं, ७० हजार अक्षरांचं वलय दोघांकडेही आहे. उरलेली दोन फक्त प्लेगकडे. सगळा फरक तेवढ्यानंच पडला असं नाही. प्लेगच्या जंतूनं आपली बरीच जुनी जनुकं निकामीही करून टाकली. पण त्या दोन वलयांवाचून प्लेग हा प्लेग झाला नसता.

आधी मधल्या वलयाकडे पाहू, कारण आपल्या रोगप्रतिकारक पेशींशी खरी गाठ त्याचीच पडते. बाहेरून आलेला जीवाणू गिळून पचवणं हे मॅक्रोफेज आणि न्यूट्रोफिल या भक्षक पेशींचं काम. पिसू चावल्यावर त्वचेत उतरलेले प्लेगचे बरेचसे जंतू सुरुवातीला खरोखरच गिळले जातात. न्यूट्रोफिलनं गिळलेले बहुधा मरतात. मॅक्रोफेजच्या पोटातले काही मात्र तगून राहतात. पिसवाच्या अंगात सव्वीस अंशांच्या आसपास असलेला जंतू आता सदतीस अंशांत आलेला असतो, आणि या उष्णतेनं मधल्या वलयावरची जनुकं जागी होतात.

मग जंतूच्या अंगावर सुया उभ्या राहू लागतात. ही उपमा नाही. प्रथिनांची बनलेली, आतून पोकळ सुई जीवाणूच्या आवरणातून बाहेर येते. तिच्या टोकावर एलसीआरव्ही नावाचं प्रथिन बसलेलं असतं. पेशीला स्पर्श झाला की तिच्या पडद्याला भोक पडतं आणि ‘यॉप’ नावाची अर्धा डझन प्रथिनं थेट पेशीच्या आत ढकलली जातात. त्यांतलं यॉप-एच पेशीच्या संदेशवाहक प्रथिनांवरचे फॉस्फेट उतरवतं, त्यामुळे ‘गिळा’ हा निरोपच पुढे जात नाही. यॉप-ई पेशीचा आतला सांगाडा ढासळवतं, मग तिला जंतूला वेढा घालता येत नाही. यॉप-जे आणखी कावेबाज आहे. इतर पेशींना बोलावणारी हाक ते आतल्या आत दाबतं, आणि मॅक्रोफेजला मरणाच्या वाटेलाही लावतं. म्हणूनच सुरुवातीच्या काळात जंतू बेसुमार वाढत असतानाही शरीरात म्हणावी तशी खळबळ उडत नाही.

पण ही सुई टोचली जाते कुणाला? शिकागो विद्यापीठातल्या ओलाफ श्नीविंड यांच्या गटानं २००५ मध्ये याचं उत्तर फार सुंदर युक्तीनं शोधलं. त्यांनी एका यॉपला पेनिसिलिनसारखी औषधं तोडणारं विकर जोडलं, उंदरांना त्या जंतूची लागण केली आणि त्यांच्या पांथरीतल्या पेशींमध्ये एक रंग भरला. हा रंग एरवी हिरवा चमकतो. विकरानं तो तुटला की निळा. म्हणजे जिच्यात यॉप शिरलं ती पेशी निळी. पांथरीत बी आणि टी लिम्फोसाइट मोठ्या संख्येनं असतात, पण त्या बहुतेक हिरव्याच राहिल्या. निळ्या झाल्या त्या मुख्यतः मॅक्रोफेज, न्यूट्रोफिल आणि डेंड्रिटिक पेशी, म्हणजे ज्या आधी धावून येतात त्याच. माझ्या मते या विषयातला इतका डोळ्यांना दिसणारा पुरावा दुसरा नाही.

या हत्याराची किंमत जंतूलाही मोजावी लागते. प्रयोगशाळेत सदतीस अंशांवर, कॅल्शियम कमी असलेल्या द्रवात ठेवलं, तर तो यॉप ओतत सुटतो आणि त्याची वाढ थांबते. तशा द्रवात वलय हरवून बसलेले जंतू पुढे निघून जातात. स्वीडनमधल्या उमिओच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की स्यूडोट्यूबरक्युलॉसिसचा जंतू लागणीच्या काळात या वलयाच्या जादा प्रती काढतो. गरज असेल तेव्हा वलयं वाढवायची, एरवी मोजकीच बाळगायची.

सर्वांत मोठ्या वलयावर दोन अगदी वेगळ्या कामांची जनुकं शेजारी नांदतात. एक एफ-वन नावाचं प्रथिनाचं आवरण तयार करतं. सदतीस अंशांवर जंतू ते अंगावर पांघरतो आणि भक्षक पेशींच्या तावडीत सापडेनासा होतो. दुसऱ्याला आधी उंदराला मारणारं विष समजलं गेलं होतं. २००२ मध्ये कळलं, की त्याचं खरं काम पिसवाच्या आतड्यात जंतूला जिवंत ठेवण्याचं आहे. युरोप आणि आशियातल्या हजारो वर्षं जुन्या दातांमधून काढलेल्या सर्वांत प्राचीन प्लेगच्या डीएनएत हे जनुक सापडत नाही. रशियातल्या समाराजवळच्या सुमारे ३,८०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत मात्र ते आहे. पिसवावर स्वार होणारा प्लेग म्हणजे तुलनेनं नवी गोष्ट.

सर्वांत लहान वलय रक्ताची गुठळी विरघळवणारं पीएलए हे विकर देतं. एरवी गुठळ्या जंतूला जागच्या जागी अडकवतात; हे विकर त्याची वाट मोकळी करतं. या वलयाच्या एका जंतूत अनेक प्रती असतात. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की मोठ्या साथींच्या उत्तरकाळातल्या काही वाणांत पीएलए जनुकाच्या प्रती घटल्या होत्या, आणि अशा वाणांची लागण झालेले उंदीर अधिक काळ जगले. उंदीर लवकर मेला तर पिसवाला नवं घर शोधायला फार अवधी मिळत नाही, म्हणून कदाचित जंतूला हे सोयीचं असेल. तर्क आकर्षक आहे, पण तूर्त तर्कच.

१० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत आपली लस स्वतःला टोचून घेतली. ती होती उष्णतेनं मारलेल्या जंतूंची. मटणाच्या किंवा इतर रश्श्यावर तुपाचे थेंब सोडून त्यांनी जंतू वाढवले होते. जंतूचा नेमका कोणता भाग उपयोगी पडतो, हे तेव्हा कळण्याचा मार्गच नव्हता. आज चाचण्यांत असलेल्या प्रमुख लसींत एफ-वन आणि एलसीआरव्ही ही दोन प्रथिनं असतात. एक मोठ्या वलयावरचं, दुसरं मधल्या.

प्लेगवर आज प्रतिजैविकं आहेत, आणि वेळेत दिली तर बहुतेक रुग्ण वाचतात. म्हणूनच मादागास्करमध्ये १९९५ साली एका रुग्णापासून मिळालेल्या जंतूनं तज्ज्ञांची झोप उडवली. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि क्लोरॅम्फेनिकॉल ही नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नव्हती, कारण त्याच्याकडे एक चौथं वलय होतं, दुसऱ्या कुठल्यातरी जीवाणूकडून आलेलं. अशी देवघेव कुठे होऊ शकते, ते २००२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाहिलं. पिसवांना त्यांनी प्लेगचे जंतू आणि औषधांना न जुमानणारे इ. कोलाय एकत्र पाजले. काही दिवसांतच, पिसवाच्या आतड्यात, ती जनुकं प्लेगकडे आलेली होती.