उरलेले पंधरा टक्के

रायगड जिल्ह्यातल्या म्हसळ्यात ऑनलाइन मागवलेली स्वस्तातली सायकल पोहोचते तेव्हा दारात सायकल नसते, एक लांबट, चपटा पुठ्ठ्याचा खोका असतो. तो उघडला की मागचे चाक, चेन आणि क्रँक बसवलेली फ्रेम दिसते. पुढचे चाक तिच्या कुशीला पट्ट्यांनी बांधलेले असते आणि हँडल ब्रेकच्या वायरीला लोंबकळत असते. सोबतच्या छोट्या डब्यात पायडल, सीट, रिफ्लेक्टर, नटबोल्ट, पत्र्यातून कापलेला एक पातळ पाना आणि इंग्रजीतला घडीचा कागद असतो. विकताना सांगितलेले असते की सायकल ८५ टक्के जोडलेली आहे, उरलेली जोडणी घरच्या घरी अर्ध्या तासात होते. मागवणारा बहुधा मुंबईत नाहीतर आखातात असतो, चालवणारा शाळकरी पोरगा गावात असतो, आणि जोडणी ज्याच्या हाताला लागेल त्याच्यावर येते. या व्यवहारात खरा प्रश्न त्या ८५ या आकड्याचा आहे. तो सुट्या भागांच्या मोजणीचा आकडा आहे. जोखमीची मोजणी केली तर हिशेब उलटा होतो.

उरलेल्या पंधरा टक्क्यांत काय येते ते पाहावे. हँडल, सीट, दोन पायडल, पुढचे चाक आणि ब्रेकची जुळवणी. सायकलवर बसलेल्या माणसाचे शरीर हात, बूड आणि पाय एवढ्या तीनच ठिकाणी यंत्राला टेकते; ती तिन्ही ठिकाणे या पंधरा टक्क्यांत आहेत. सायकल वळते ज्याने आणि थांबते ज्याने, तेही यातच आहे. म्हणजे कारखान्याने लोखंडाचा मोठा भाग जोडून दिला आणि जिवाशी गाठ असलेला भाग ग्राहकाच्या हवाली केला. वाहतुकीच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे, कारण जोडलेली सायकल टेम्पोत फार जागा खाते. पण जागा वाचवण्यासाठी मोकळे ठेवलेले काम हलकेही आहे, असा समज त्या टक्केवारीने होतो आणि तो चुकीचा आहे.

सुटी सायकल ही काही ऑनलाइन बाजाराची देणगी नव्हे. लुधियानाची हिरो, सोनीपतची अॅटलस, मद्रासकडची हर्क्युलस या काळ्या, दांडीच्या सायकली तालुक्याच्या गावातल्या सायकल मार्टात सुट्या भागांतच येत. तिथला फिटर हबमध्ये ग्रीस भरून छर्रे बसवी, तारा ओवून चाक बांधी, रिमचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढी, आणि मग सायकल दुकानाबाहेर उभी राही. गिऱ्हाईक त्याला वेगळी मजुरी देत नसे. ती किमतीतच धरलेली असे. म्हणून ती कुणाला दिसलीच नाही, आणि ऑनलाइन किमतीतून ती वगळली गेली तेव्हा काय वगळले हेही कुणाच्या ध्यानात आले नाही. दुकानातली आणि मोबाइलवरची किंमत शेजारी ठेवून बोलणारा माणूस जोडलेल्या सायकलीची तुलना न जोडलेल्या सायकलीशी करत असतो.

आता एकेक काम जवळून पाहू. सर्वांत सोपे वाटते ते पायडल, आणि सर्वांत जास्त नासते तेही तेच. उजव्या पायडलला सरळ आटा असतो, डाव्याला उलटा. हा लहरीपणा नाही. पायडल मारताना त्याच्या एक्सलवर फिरता दाब पडतो आणि त्याने आट्यात अगदी बारीक सरक होते. डाव्या बाजूला सरळ आटा दिला असता तर तो चालता चालता सुटत गेला असता. पायडलवर कोरलेली एल आणि आर ही अक्षरे न पाहता, ‘घड्याळाप्रमाणे आवळायचे’ या सवयीने डावे पायडल दामटले की क्रँकचा आटा कापला जातो आणि नव्या सायकलीला पहिल्याच दिवशी नवी क्रँक लागते. लक्षात ठेवायला सोपी खूण अशी: पायडल आधी बोटांनीच चार-पाच फेरे आत जायला हवे, आणि कोणत्याही बाजूचे असो, पाना उभा धरून वरचे टोक पुढच्या चाकाकडे ओढले की ते आवळले जाते. आवळायचे म्हणजे किती? वीतभर लांबीच्या पान्याच्या टोकाला पंधरा-सोळा किलो वजन टांगावे एवढे. खोक्यातला पत्र्याचा पाना त्या जोराला वाकतो; तिथे पंधरा नंबरचा खरा पानाच हवा.

पुढचे चाक धरणारा चिमटा हा दुसरा चकवा. खोक्यात मावावा म्हणून तो अनेकदा मागे फिरवून ठेवलेला असतो. तसाच ठेवून चाक बसवले तरी सायकल चालते, म्हणून चूक लवकर कळत नाही. पण चाक पायडलच्या जवळ येते, ब्रेकची वायर पिळली जाते आणि हँडल हातात ठरत नाही. चिमट्याचा बाक पुढे हवा. हँडलच्या दांड्यावर आणि सीटच्या नळीवर एक आडवी रेघ असते; ती नळीच्या आत लपली पाहिजे. उंच मुलासाठी सीट त्या रेघेच्या वर काढणे म्हणजे सगळे वजन दोन बोटे लांबीच्या पकडीवर सोडणे. हँडल आवळल्यावर पुढचे चाक गुडघ्यांत धरून हँडल जोराने फिरवून पाहावे. ते चाकाला सोडून फिरले, तर रस्त्यावरही फिरेल.

बरे, कारखान्याने जोडलेले ८५ टक्के तरी निर्धास्त असतात का? पाच ते आठ हजारांच्या सायकलीत ते गृहीत धरता येत नाही. चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबराशी असलेली फट पाहावी: ती कमी-जास्त होत असेल तर आऊट आहे. रिम धरून आडवी हलवावी: खडखडले तर हबमधले कोन ढिले, चाक फिरताना हाताला खरखर लागली तर कोन घट्ट किंवा ग्रीस अपुरे. ही तपासणी कोणीही करू शकतो, दुरुस्ती मात्र नाही. तारांच्या निपल्सना पाव-पाव फेरा देत रिम सरळ करणे ही वर्षांच्या सरावाने बोटांत उतरणारी विद्या आहे. इथेच वाटणी करता येते. सीट, रिफ्लेक्टर, घंटी, मडगार्ड घरी बसवावे. पायडल आणि हँडल नीट पाना असेल तर घरी. चाक, कोन आणि ब्रेक फिटरकडे.

ही वाटणी पुण्यात कदाचित थोडी सैल चालेल, म्हसळ्यात चालत नाही. इथला रस्ता सपाट नाही. माणगावकडे निघालात की घोणसे घाट आहे, आणि वाड्या-वस्त्यांचे रस्ते चढ-उताराचेच. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही चार महिन्यांत. स्वस्त सायकलीच्या रिमा बहुधा चकचकीत पोलादी असतात, आणि ओल्या पोलादावर ब्रेकचे रबर कोरड्याच्या मानाने फारच कमी धरते. कोरड्या अंगणात ‘ब्रेक लागतोय’ असे वाटणारी सायकल आषाढात उतारावर थांबेलच असे नाही. शिवाय खाडीची खारी हवा. ग्रीस न लावता बसवलेली सीटची नळी दोन पावसाळ्यांत फ्रेमशी अशी जखडते की मुलगा वाढतो, सीट वाढत नाही.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. सायकल स्वस्त म्हणून ऑनलाइन घेतली, त्यावर पुन्हा फिटरची मजुरी का? पण आकडे मांडून पाहावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी सहा हजारांच्या सायकलीवर हा फरक ४२० रुपयांचा होतो. एवढ्या पैशांत तालुक्याच्या गावी फिटिंगची बरीचशी मजुरी भागावी. तरीही गरीब घराला हे चारशे रुपये जड आहेत, हे खरे. मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मिळणारी रक्कम २०२२ मध्ये ३,५०० वरून ५,००० रुपये झाली. ज्यांचा सगळा हिशेब एवढ्यात बसवायचा असतो त्यांना प्रत्येक शंभराची नोट मोजावी लागते. पण म्हणूनच फिटिंग आधी धरावे आणि गिअर, डिस्क ब्रेक, रंगीत स्टिकर यांवरचा खर्च मागे सारावा. हलक्या दर्जाचे गिअर जुळवायला सर्वांत कटकटीचे आणि बिघडायला सर्वांत लवकर.

दुसरा आक्षेप असा की आता सगळे व्हिडिओवर शिकता येते. मग मुलाने स्वतः सायकल जोडावी, त्यातून यंत्र कळेल. हा आक्षेप वजनदार आहे. स्वतः जोडलेल्या सायकलीचा आवाज बिघडला तर मालकाला आधी कळतो, हे मान्यच. मात्र व्हिडिओ कृती दाखवतो, जोर दाखवत नाही. किती आवळले म्हणजे पुरे आणि किती म्हणजे आटा मेला, हे हाताला दुसऱ्या हाताजवळ उभे राहूनच कळते. मुलाने जोडावी, पण फिटरच्या दुकानासमोर बसून, त्याच्या पान्याने. शिवाय सगळा भरवसा पडद्यावर आणि दूरच्या कंपनीवर ठेवण्यात काय धोका आहे, हे या किनाऱ्याने एकाच तारखेत पाहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद राहिले. त्याच दिवशी, जागतिक सायकल दिनी, अॅटलसने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला. तरीही जुन्या अॅटलस सायकली भंगारात गेल्या नाहीत, कारण त्यांचे छर्रे, कोन, टायर सर्वसाधारण मापाचे होते आणि ते बसवणारा माणूस गावात होता. नवी सायकल निवडतानाही हीच कसोटी लावावी: तिचे टायर, ट्यूब, फ्रीव्हील माणगावच्या दुकानात मिळतील का?

तिसरी अडचण सर्वांत नाजूक. ‘ऑनलाइनची सायकल आमच्याकडे आणू नका,’ असे फिटर म्हणतो. त्याला आडमुठा ठरवणे सोपे आहे. पण विक्रीतला नफा त्याच्या हातून गेलेला असतो, आणि कंपनीची रिम वाकडी निघाली तर बोल त्यालाच लागणार असतो. त्याची नाराजी रास्त आहे; उपाय म्हणजे फिटिंगचा दर पाटीवर लिहावा, दोष आधी दाखवून मगच पाना लावावा. गिऱ्हाइकानेही खोका उघडतानाचे चित्रण ठेवावे, कारण सदोष मालाची जबाबदारी कायद्याने विकणाऱ्याची आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. म्हसळेकराला त्यासाठी दिल्ली-बंगळूर गाठावे लागत नाही, जिल्ह्याचे ठिकाण असलेले अलिबाग पुरते. मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, आणि १९१५ हा मदतीचा क्रमांक आहे. योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हाही याच कायद्यात उत्पादकाचा दोष मानला आहे. जोडणी हा ज्या वस्तूच्या वापराचा पहिलाच भाग आहे, तिच्या खोक्यात मराठीतले एक पान, आणि त्यावर उलट्या आट्याची खूण असावी, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.

तेव्हा ऑनलाइन सायकल जरूर घ्यावी, पण किमतीत फिटिंग धरूनच. आणि एकदा जोडून काम संपत नाही. नव्या वायरी ताणतात, तारा आपापल्या जागी बसतात, पायडल किंचित सैल होतात. पहिल्या पंधरा दिवसांनी सायकल पुन्हा फिटरकडे न्यावी आणि सगळे नट एकदा आवळून घ्यावेत. घाट त्यानंतर.