पखवाज खाली ठेवण्याआधी

भजनी मंडळात श्रोते पाहतात गायकाकडे, पण सारे मंडळ विसंबून असते ते पखवाजावर. उजव्या पुडीचा खणखणीत बोल कानाला सुखावतो. अभंगाला पायाखालची जमीन मिळते ती मात्र डाव्या, कणीक लावलेल्या धुमपुडीच्या खर्जातून. शहरांतल्या हौशी वाद्यवृंदांत हेच काम बास गिटार करते. ती वाजत असताना कुणाचे लक्ष जात नाही, आणि थांबली की सगळ्यांनाच काहीतरी निसटल्यासारखे वाटते. आपल्या घरातही असे एखादे आजोबा असतील, ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षे गावोगावच्या सप्ताहांत हा खर्ज सांभाळला आहे. सत्तरी ओलांडली, ऐकू कमी येऊ लागले, गुडघे कुरकुरू लागले की घरची मंडळी प्रेमापोटीच म्हणतात, "आता पुरे झाले, नाना." हा निर्णय पुष्कळदा घाईचा असतो. तो का, हे शरीराच्याच भाषेत समजून घेऊ.

नेवाशासारख्या गावात हा प्रश्न घराघरांतला आहे. प्रवरेच्या काठी, ज्या दगडी खांबाला टेकून ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, गीतेवरची आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, असे परंपरा मानते, तो पैस आजही तेथे उभा आहे. आषाढ वद्यातल्या कामिका एकादशीला त्याच्या दर्शनासाठी दिंड्यांची रीघ लागते. एरवीही हरिपाठ, काकडा, सप्ताह, कुणाच्या वर्षश्राद्धाचे भजन असे काही ना काही चालूच असते. ही वादक मंडळी बहुतेक हौशी. दिवसभर शेत, दुकान किंवा शाळा, आणि संध्याकाळी मांडीशी पखवाज. निवृत्तीनंतर माणसांत बसण्याचे त्यांना उरलेले ठिकाण अनेकदा हेच एक असते.

आता कानाविषयी. आपल्या आंतरकर्णात शंखाच्या आकाराची एक नळी असते आणि तिच्या आत ध्वनीची जाणीव करून देणाऱ्या सूक्ष्म केसयुक्त पेशींची रांग असते. नळीच्या दाराशी असलेल्या पेशी उंच, तीव्र स्वर टिपतात. खोल आत, टोकाशी असलेल्या पेशी खालचे, भारदस्त स्वर. वय वाढते तशा सर्वसाधारणपणे दाराजवळच्या पेशी आधी झिजतात. त्यामुळे म्हातारपणी प्रथम हरवतात ते स, फ, थ यांसारखे बारीक वर्ण, घड्याळाची टिकटिक, नातवंडांचे चिरके आवाज. "ऐकू येते, पण कळत नाही," ही वृद्धांची नेहमीची तक्रार त्यातूनच येते. खर्ज मात्र पुष्कळ काळ टिकून राहतो. शिवाय तो केवळ कानानेच कळतो असेही नाही. पखवाज मांडीशी टेकलेला असला की त्याची कंपने मांडीतून, तळहातातून, छातीतून जाणवतात. स्कॉटलंडच्या जगप्रसिद्ध तालवादक एव्हलिन ग्लेनी यांची श्रवणशक्ती वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत जवळजवळ पूर्ण गेली. त्या अनवाणी उभ्या राहून जमिनीतून येणारी कंपने घेत वादन करतात. म्हणून, जेवणाच्या ताटावर चार वेळा हाक मारूनही न ऐकणारे नाना भजनात ठेक्याला चुकत नाहीत, यात ढोंग नाही. "हवे तेव्हा बरे ऐकू येते!" हा टोमणा घरोघरी मारला जातो. तो आता बंद करायला हरकत नाही.

याच्या उलट घडले तर मात्र सावध व्हावे. खर्जच ऐकू येईनासा झाला, कान भरल्यासारखा वाटला, आत गुणगुण सुरू झाली आणि भोवळ येऊ लागली, तर ते वय नव्हे, कानाचा आजार असू शकतो. एका कानाचे ऐकणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावेत. उपचाराला उशीर झाला की ते ऐकणे परत मिळण्याची शक्यता घटते. आणि कित्येकदा दोष निव्वळ मळाचा असतो. तो काढण्यासाठी हेअरपिन, काडी किंवा गरम तेल वापरू नये.

वादन सोडल्याने नुकसान काय होते? न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ७५ वर्षांपुढील ४६९ जणांचा पाठपुरावा करून २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचन, पटावरचे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण कमी आढळले. वाद्यामुळेच ते कमी झाले, असे यावरून सिद्ध होत नाही; ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेच वाद्य वाजवत राहतात, असेही असू शकते. परंतु कमी ऐकू येणे आणि एकाकीपणा या दोन्ही गोष्टी स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत गणल्या जातात, आणि मंडळ सुटले की दुसरी गोष्ट घरात शिरते.

तेव्हा माणूस बदलण्याआधी साहित्य बदलून पाहावे. शिसव किंवा खैराच्या खोडाचा पखवाज आठ-दहा किलोचा सहज भरतो. कीर्तनात तो गळ्यात अडकवून दीड-दोन तास उभे राहायचे म्हणजे सगळा भार मानेच्या मणक्यांवर. येथे बास गिटारचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. पूर्वी पाश्चात्त्य वाद्यवृंदात खर्जासाठी माणसापेक्षा उंच असे डबल बास नावाचे वाद्य असे. ते एका गावाहून दुसऱ्या गावी नेताना वादक मेटाकुटीला येत. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल अशी विजेवरची बास गिटार बाजारात आणली. वजन चारेक किलो, आणि सर्वांत जाड तार तीच जुनी, सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. वाद्य हलके झाले, खर्ज तोच राहिला. एवढ्या चार किलोंसाठीही वादक आज रुंद, मऊ पट्टा वापरतात. आपल्याकडे मात्र दहा किलोंचा मृदंग बोटभर रुंदीच्या दोरीवर लटकवण्यात पुरुषार्थ मानला जातो!

चार बोटे रुंदीचा गादीदार पट्टा कोणताही चर्मकार शिवून देईल. तो नुसत्या मानेवर न टाकता तिरपा खांद्यावरून घ्यावा. हातांना मुंग्या येत असतील, पकड सैल झाली असेल, तर उभ्याने वादन बंदच करावे आणि मानेची तपासणी करावी. गुडघ्यांची झीज झालेल्यांनी मांडी घालण्याचा हट्ट सोडून, हात नसलेल्या, पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा खुर्चीवर बसावे व पखवाज समोर लाकडी घोडीवर ठेवावा. देवासमोर खुर्चीवर कसे बसायचे, हा संकोच खरा आहे; मंडळातल्या ज्येष्ठांनी एकदा "बसा हो" म्हटले की तो मिटतो. पखवाज उचलण्याचे, टेम्पोत चढवण्याचे काम तरुणांचे. हाडे ठिसूळ झालेल्या माणसाने कमरेत वाकून एवढे ओझे उचलले तर मणका दबून मोडू शकतो; हर्नियाचा त्रास असलेल्यांनाही हेच लागू. लांब बैठकीनंतर एकदम उठू नये. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आधी पाय हलवून, आधार धरून उठावे.

पावसाळ्याची गोष्ट निराळी. कामिका एकादशी नेमकी त्याच दिवसांत येते. दमट हवेत कातडे ओल धरते, पुडी उतरते, बोल बसका येतो आणि वादक नकळत जोराने मारू लागतो. दुसऱ्या दिवशी मनगट सुजते व दोष वयाला दिला जातो. पखवाज जाड कापडी खोळीत, जमिनीपासून उंच ठेवावा. गठ्ठे ठोकून स्वर चढवण्याचे काम नातवाकडे द्यावे, कारण हातोडीचे हादरे दुखऱ्या मनगटाला वादनापेक्षा जास्त जाचतात. कणीक थोडी सैल मळली की डाव्या तळव्याला कमी जोर लागतो. मधुमेहींनी वादनानंतर बोटांच्या टोकांवर भेगा, फोड आहेत का ते पाहावे; संवेदना कमी झालेल्या बोटांना जखम कळत नाही. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या तळहातावर काळेनिळे डाग वारंवार दिसू लागले तर डॉक्टरांना सांगावे.

खरा शत्रू कर्णा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. ९० डेसिबलचा अवघा ४ तास. बंद सभामंडपात पंचवीस टाळ आणि वर ध्वनिक्षेपक असला तर हा पल्ला सहज ओलांडला जातो. शेजारच्या माणसाशी हातभर अंतरावरून बोलताना ओरडावे लागत असेल तर आवाज धोक्याचा आहे, एवढी खूण पुरे. पखवाजी टाळकऱ्यांच्या थेट पुढे न बसता थोडा बाजूला बसला, कर्ण्याचे तोंड त्याच्याकडे नसले, तरी फार फरक पडतो. कापसाचे बोळे उपयोगाचे नाहीत. संगीतकारांसाठी मिळणारे इअरप्लग सर्व स्वर सारखेच उतरवतात, त्यामुळे ठेका गढूळ होत नाही. ध्वनिक्षेपक चालवणाऱ्या मुलाला इकोची खुंटी थोडी मागे फिरवायला सांगावे. त्या घुमण्यात श्रवणदोष असलेल्या माणसाला अभंगाचे शब्द कळणे अशक्य होते, आणि खरे तर इतरांनाही ते फारसे कळत नाहीत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार, शासनाने खास सवलत दिली नसेल तर रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वृद्ध वादकाला जागरात बसवायचेच असेल तर तीच वेळ त्याच्या कानांना मानवते. बाकीचे निकष मात्र पाहावे लागतात.

श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी ते भजनात काढून खिशात टाकू नये. बोलणे स्पष्ट करण्यासाठी बसवलेले यंत्र संगीत चिरकवते, ही तक्रार रास्त आहे. बऱ्याच नव्या यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना करता येते, ती श्रवणतज्ज्ञांकडून करून घ्यावी. हृदयात पेसमेकर असेल तर पखवाजाला किंवा कपड्याला लावण्याचे चुंबकाचे माइक आणि स्पीकर छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावेत.

एकादशीचा उपवास, रात्रीचा जागर आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी हे तिन्ही एकत्र आले की घोटाळा होतो. घाम सुटणे, हात थरथरणे, ठेका अकारण सुटणे ही साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात. भक्तीची तंद्री समजून त्यांकडे दुर्लक्ष होते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता रुग्णालय गाठावे. उपवासाच्या दिवशीचे औषध किती आणि कधी, हे आठवडाभर आधी डॉक्टरांना विचारून ठेवावे. सप्ताहात पहारा लावतानाही नानांना पहाटे दोनचा न देता सायंकाळचा द्यावा.

काही वेळा हात खरोखरच थकतात. कंप वाढतो, लय सरकू लागते, विसर पडू लागतो. विसराळूपणाच्या आजारातही वर्षानुवर्षे हातात मुरलेला ठेका बराच काळ टिकून राहिलेला दिसतो. सभेचे नाव आठवत नाही, पण भजनी ठेका हात आपणहून धरतो. तेव्हा पूर्ण भजनाऐवजी हरिपाठापुरते वादन ठेवावे, पुढे तरुणाने बसावे आणि नानांच्या हाती टाळजोडी किंवा चिपळ्या द्याव्यात. पण मंडळाच्या प्रमुखांशी ही बोलणी घरच्यांनी त्यांच्या पाठीमागे करू नयेत. कोणत्या अभंगापर्यंत वाजवायचे, पखवाज पुढे कोणाच्या हाती द्यायचा आणि त्याला कणीक मळायला कोण शिकवणार, हे त्यांनाच विचारावे.