भिलाई ते ब्रिटन : पासबुकातील २८ दिवस

१९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आधाराने अनेक प्रांतांतील कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत मराठी घरेही आहेत. या घरांतील मुलांना ब्रिटनमधील विद्यापीठात प्रवेश मिळाला, तरी व्हिसाची वाट बँकेतूनच जाते.

विद्यार्थी व्हिसासाठी पहिल्या वर्षाचे उर्वरित शुल्क आणि नऊ महिन्यांपर्यंतचा निर्वाहखर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. त्यातील अखेरचा दिवस अर्जापूर्वीच्या ३१ दिवसांतला हवा. एक दिवस जरी शिल्लक कमी पडली, तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. आईवडिलांचे खाते चालते, मात्र जन्मदाखला व संमतिपत्र जोडावे लागते. काका-मामांचे खाते चालत नाही. रुपयाचा दर घसरला तर पुरेशी वाटणारी रक्कमही अपुरी ठरते. म्हणून निवृत्तीची पुंजी पणाला लावणाऱ्या वडिलांनी थोडी अधिक शिल्लक ठेवून त्या काळात खात्याला हात लावू नये.

पुढे मुलगा तेथेच रुजला, तर प्रश्न नागरिकत्वाचा येतो. भारताचा नागरिकत्व कायदाही १९५५ चाच. तो दुहेरी नागरिकत्व मानत नाही. ब्रिटिश नागरिकत्व स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते व पासपोर्ट परत करावा लागतो. २००५ पासून मिळणाऱ्या ओसीआय कार्डाने येणे-जाणे सुकर होते. मतदान व शेतजमिनीची खरेदी मात्र करता येत नाही.

परदेशी स्थायिक होणाऱ्याचे साधे बचत खातेही अनिवासी खात्यात बदलून घ्यावे लागते. प्रस्थानापूर्वी शाखेत एक फेरी घालावी, हे उत्तम.