भिंतीला भिंत लागलेले घर विकत घेताना

बेळगावच्या खडेबाजारात खरेदीसाठी हिंडणाऱ्या माणसाची नजर दुकानांच्या पाट्यांवरून वर सहसा जात नाही. परंतु ती गेलीच, तर नव्या काचेच्या दर्शनी भागांमागे मंगळुरी कौलांची छपरे, लाकडी कठडे आणि एकाच सामाईक भिंतीवर दोन्हीकडून तुळया टेकवून उभी राहिलेली घरे अजूनही दृष्टीस पडतात. पुढे दुकान, मागे सोपा आणि माजघर, त्यामागे न्हाणी, आड आणि परडे, अशी ही अरुंद परंतु खोल घरे ज्यांनी बांधली त्यांचे वंशज पुण्यात, बेंगळूरात किंवा परदेशी स्थिरावले आहेत, आणि त्यामुळे खडेबाजार, गणपत गल्ली, पलीकडचे शहापूर येथील जुन्या मिळकतींचे हिस्से एकेक करून विक्रीस निघत आहेत. पहिले घर घेऊ पाहणाऱ्या तरुण कुटुंबापुढे मग दोन वाटा असतात: बाजारातला असा जुना हिस्सा घ्यावा, किंवा शहराबाहेर भाताच्या शिवारात पडलेला नवा प्लॉट घ्यावा. या कुटुंबाला माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की घराचा धोका दप्तरात असतो तसाच भिंतीतही असतो, आणि दोन्हीकडचा धोका शोधण्याची वेळ पैसे मोजण्यापूर्वीची असते.

बेळगावातील मिळकत तपासणे हे काम विशेष चिकाटीचे आहे, कारण या एकाच शहराच्या निरनिराळ्या भागांनी निरनिराळ्या राजवटी पाहिल्या. १८१८ साली किल्ला इंग्रजांच्या हाती गेल्यावर शहर मुंबई इलाख्यात आले. लगतचे शहापूर मात्र पटवर्धनांच्या सांगली संस्थानाचा मुलूख म्हणून १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत वेगळे राहिले. कॅम्पात छावणीचा कारभार चालला आणि तेथील अनेक बंगल्यांखालची जमीन आजही सरकारचीच आहे. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी चंदगड तालुका वगळून सारा जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, सामील झाला. यास्तव एकाच घराच्या कागदांच्या गाठोड्यात पणजोबांच्या काळचे मोडीतील खरेदीखत, बाळबोध मराठीतील वाटणीपत्र, सिटी सर्व्हेचा उतारा आणि अलीकडचे कन्नड दस्त असे सर्व काही एकत्र बांधलेले आढळते, आणि त्यातला एखादाच दुवा गहाळ असला तरी पुढची सारी साखळी संशयास्पद ठरते.

जुन्या घराला विकणारा एक दिसतो आणि हक्कदार पुष्कळ असतात. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना सहदायाचा हक्क कर्नाटकाने ३० जुलै १९९४ पासून दिला खरा, परंतु तो तेव्हा अविवाहित असलेल्या मुलींपुरता होता. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा केला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, दुरुस्ती अमलात आली त्या ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असावेत अशी अट या हक्काला नाही. सांगली-कोल्हापूरकडे किंवा गोव्यात दिलेल्या आत्यांची आणि बहिणींची संमती ही आता केवळ रीतभात राहिलेली नाही. ‘बहिणींचे काही म्हणणे नाही’ हे विक्रेत्याचे तोंडी आश्वासन कितीही प्रामाणिक असले तरी, खरेदीखतावर त्यांच्या सह्या किंवा रीतसर नोंदविलेले हक्कसोडपत्र नसेल, तर उद्या वाटणीचा दावा नव्या मालकाच्या उंबरठ्यावर येतो. बहिणीला तिचा वाटा देऊन घेतलेली सही मला गोड बोलून मिळविलेल्या सहीपेक्षा अधिक निर्धोक वाटते, आणि न्याय्यही वाटते.

मोडीतील खत हाती आले, तर ते वाचणारा जाणकार गाठून त्यातील चतुःसीमा शब्दशः उतरवून घ्यावी. ‘पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचे परडे, दक्षिणेस सामाईक भिंत, उत्तरेस बोळ’ अशा धर्तीचा मजकूर त्यात असतो. तो बोळ आज शेजाऱ्याच्या स्वयंपाकघराखाली गेलेला असू शकतो, हातांत मोजलेली लांबी उताऱ्यातील चौरस मीटरांशी जुळत नसते, आणि आडाच्या पाण्यातील वाटा किंवा पागोळ्यांचे पाणी कोणाच्या बाजूस पडावे यासंबंधीची एखादी ओळ, जिच्याकडे विक्रेत्याने आयुष्यात लक्ष दिलेले नसते, तीच पुढे शेजाऱ्याशी कज्जाचे मूळ ठरते. म्हणून खत हाती धरून, टेप लावून, चारही बाजू प्रत्यक्ष चालून पाहिल्याखेरीज संचकारपत्र, म्हणजे विसार देऊन करावयाचा खरेदीचा करार, करू नये.

बोजाच्या बाबतीत लोक एका कागदावर फार विसंबतात. उपनिबंधकाच्या कचेरीतून मिळणारे भारप्रमाणपत्र, ज्यास सर्वजण ‘ईसी’ म्हणतात, ते व्यवहार नोंदलेले असतील तर नमुना १५ मध्ये आणि काहीच नोंद नसेल तर नमुना १६ मध्ये येते, आणि आता ‘कावेरी’ प्रणालीवरून घरबसल्या मिळते. परंतु त्यात दिसते ते केवळ नोंदलेले. मूळ कागद बँकेत ठेवून उचललेले कर्ज, न्यायालयात चालू असलेला दावा, दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी झालेले नोंदणीविना संचकारपत्र, यांपैकी एकही गोष्ट त्यात उमटेलच असे नाही. आणि दावा चालू असताना घेतलेली मिळकत त्या दाव्याच्या निकालास बांधलेली राहते. बँकांच्या तारणांची ‘सरसाई’ नावाची केंद्रीय नोंदवही २०११ पासून आहे, ती अल्प शुल्क भरून पाहता येते. वकिलाकडून मागील किमान ३० वर्षांचा शोध, स्थानिक वृत्तपत्रात जाहीर नोटीस आणि मूळ दस्तांचे प्रत्यक्ष दर्शन, एवढे तर झालेच पाहिजे. त्याखेरीज पुढच्या दुकानात बसलेल्या भाडेकरूला स्वतः जाऊन भेटावे, कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे ज्याचा प्रत्यक्ष कब्जा आहे त्याच्या हक्कांची जाणीव खरेदीदाराला होती असेच गृहीत धरले जाते. ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब तेथे चालत नाही.

खरेदीखत हल्ली सामान्यतः कन्नडात तयार होते, आणि कचेरीच्या आवारात बाँड रायटर पानामागून पान उलटीत सहीच्या जागा दाखवीत असतो. ज्याला कन्नड बोलता येते परंतु वाचता येत नाही, असा मराठी खरेदीदार त्या क्षणी आयुष्याची पुंजी न वाचलेल्या कागदावर ठेवतो. मसुदा आठवडाभर आधी घरी आणावा, कन्नड उत्तम जाणणाऱ्या विश्वासू माणसाकडून ओळ न् ओळ मराठीत सांगून घ्यावा, आणि विशेषतः नावे, सिटी सर्व्हे क्रमांक, क्षेत्रफळ व चतुःसीमा यांची आधारपत्राशी आणि जुन्या खताशी अक्षरशः तुलना करावी. मराठी आडनाव कन्नडातून पुन्हा इंग्रजीत जाताना त्याचे रूप बदलते, आणि नोंदणीनंतर सापडलेल्या चुकीसाठी चूकदुरुस्ती पत्र करायचे तर त्याच विक्रेत्याला पुन्हा कचेरीत आणावे लागते. तोवर तो कोठे असेल याचा भरवसा कोणी द्यावा?

शहराबाहेरच्या प्लॉटची कथा वेगळी आहे. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, असा हिशेब सांगून शेतजमिनीचे तुकडे साध्या बाँडवर विकण्याची पद्धत या भागात रुजली आहे, आणि गरीब कुटुंबेच तिला अधिक बळी पडतात, याचे मला मनापासून दुःख होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे शंभर रुपये वा अधिक मोलाची स्थावर मिळकत नोंदणीकृत खताखेरीज विकली जात नाही. बाँड, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र यांच्या जोडीने मालकी मिळत नाही, हे ११ ऑक्टोबर २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. ‘पुढे सरकार नियमित करील’ असे सांगणाऱ्याला हे विचारावे की, याच आशेवर लोकांना ठेवणारी कर्नाटकाची अक्रम-सक्रम योजना २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली, तिचे काय? जमीन महसूल कायद्याच्या कलम ९५ खालील एन.ए. चा, म्हणजे बिगरशेतीचा, हुकूम, ‘बुडा’ या नगरविकास प्राधिकरणाची मंजुरी, भूमापन खात्याचे कमी-जास्त पत्रक आणि पालिकेचा ई-खाता, ही मालिका पूर्ण असावी. हिंडलगा, कंग्राळी यांसारख्या लगतच्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत ‘ई-स्वत्तू’ या ग्रामपंचायत मिळकतींच्या नोंदप्रणालीचे नमुना ९ आणि ११अ मागावेत, ११ब दाखविला गेला, तर वकिलाचे मत घेतल्यावाचून पाऊल पुढे टाकू नये. मोठ्या सदनिका प्रकल्पांना २०१६ च्या रेरा कायद्याचे संरक्षण आहे, आणि बांधकामातील दोष पाच वर्षांपर्यंत बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा असतो.

वडगाव, शहापूर, येळ्ळूर या शिवारांनी बासमती तांदळाचे नाव कमावले ते ज्या काळ्या मातीच्या बळावर, तीच माती घराच्या पायाची मात्र वैरीण असते, कारण ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कठीण मुरूम लागेपर्यंत पाया न नेल्यास भिंती तिरक्या फाटतात. प्लॉट जुलैत, बळ्ळारी नाला भरून वाहत असताना पाहावा. मार्चमध्ये प्रत्येक प्लॉट कोरडाच दिसतो.

जुन्या घराचीही परीक्षा पावसातच होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये बेळगाव तालुक्यातील बडाल अंकलगी येथे पावसाने भिजलेली घराची भिंत कोसळून सात माणसे मरण पावली. या बातमीने जिल्हा हादरला होता. मातीची भिंत वर्षानुवर्षे टिकते, परंतु तिला डोक्यावर छप्पर आणि पायाशी कोरडी जमीन लागते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढविला की आत शिरलेली ओल बाहेर पडण्याचा मार्ग बुजतो आणि भिंत आतून मऊ होत जाते. नुकताच रंग दिलेले जुने घर म्हणूनच अधिक लक्षपूर्वक पाहिले पाहिजे. बोटांच्या पेरांनी गिलावा ठोकून पोकळ आवाज येतो का ते ऐकावे. भिंतीकडे बाजूने, ओळंबा सोडून पाहावे म्हणजे मधे पोट सुटले असल्यास कळते. जिन्याखालच्या अंधारात तुळईचे टोक जेथे भिंतीत शिरते, तेथे पेचकस टोचून पाहावा, कारण वाळवी आणि कुज प्रथम त्या टोकाला लागतात आणि तुळईचा दर्शनी भाग शेवटपर्यंत ठणठणीत दिसतो. भेग असेल तर जुने मिस्त्री तिच्यावर काचेची पातळ पट्टी चुन्याने चिकटवून ठेवतात. महिनाभरात पट्टी तडकली, तर भिंत अजून हलते आहे, असे समजावे आणि अभियंत्याला बोलवावे.

ताबा मिळाल्यावर खर्च करण्याचा क्रम मी असा सांगेन की आधी छप्पर आणि पन्हळ, मग वीज, आणि रंग व फरशी सर्वांत शेवटी. लाकडी पट्टीवरून गेलेल्या जुन्या तारा संपूर्ण बदलाव्यात, अर्थिंग नव्याने करावे आणि ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे यंत्र मीटरजवळ बसवावे; ओल्या न्हाणीतला विजेचा धक्का थांबविणारे यासारखे स्वस्त साधन दुसरे नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळल्यावर जमिनीलगत साचतो. वास येताच दिव्याचे बटण न दाबता, चालू वा बंद काहीच न करता, दारे उघडून बाहेर पडावे आणि १९०६ वर कळवावे. खिडकी नसलेल्या न्हाणीत गॅसचा गीझर कधीही बसवू नये, त्याने निर्माण होणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. आड असेल तर तो बुजवू नये, मात्र लहान मूल घरात येण्यापूर्वी त्यावर कुलपाची लोखंडी जाळी असावी.

एवढे करूनही एक संकट आपल्या हातचे नसते, ते म्हणजे शेजारचे घर पाडून तेथे तळघरासह नवी इमारत उभी राहणे. सामाईक भिंतीचा दुसऱ्या बाजूचा आधार असा एका दिवसात जातो. सुविधाधिकारांच्या १८८२ च्या कायद्यातील कलम १५ प्रमाणे वीस वर्षे निर्वेध उपभोगलेल्या उजेड-वाऱ्याचा तसाच आधाराचाही हक्क प्राप्त होतो, ही गोष्ट खडेबाजारातील फार थोड्या घरमालकांना ठाऊक आहे. शेजाऱ्याचे काम सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून भिंतीचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे, खोदाई किती खोल आणि भिंतीपासून किती अंतरावर होणार हे लेखी घ्यावे, टेकू कोणाच्या खर्चाने लागणार ते ठरवावे, आणि हे जमले नाही तर पाया खणला जाण्याच्या आत महानगरपालिकेत व दिवाणी न्यायालयात अर्ज करावा. खणल्यानंतरच्या अर्जाने नुकसानभरपाई मिळते, भिंत मिळत नाही.